नव्या ग्राफिक्स कार्डासाठी एसएमपीएस कसा निवडावा

गेमिंगसाठी संगणक जुळवताना ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे यावर लोक आठवडेच्या आठवडे खल करतात आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून पुरवणारा खोका, मात्र सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत, दुकानदार पुढे करील तो घेऊन मोकळे होतात. त्याबद्दल प्रश्न विचारला जातो तोही एकच : ‘किती वॉटचा घेऊ?’ वॉटचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो सततच्या भाराविषयी बोलतो. आजची कार्डे एसएमपीएसला अडचणीत आणतात ती सेकंदाच्या हजाराव्या किंवा दहा हजाराव्या हिश्श्यापुरत्या घेतलेल्या उसळीने. म्हणून एसएमपीएस निवडताना त्याच्यावर येणारा सर्वांत वाईट क्षण डोळ्यांपुढे ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वॉट, कनेक्टर, कार्यक्षमतेचा बिल्ला आणि घरातली वीज या साऱ्या गोष्टी त्याच कसोटीवर लावून पाहिल्या की कोणत्या गोष्टीला किती पैसे मोजायचे हे आपोआप उमगते.

क्षणिक उसळी म्हणजे काय

कार्डाच्या माहितीपत्रकात जो वॉटचा आकडा दिलेला असतो ती सरासरी मर्यादा असते. कार्ड स्वतःचा वीजवापर सतत मोजत असते आणि सरासरी त्या मर्यादेत राहील असे पाहते. परंतु खेळातील एक फ्रेम संपून दुसरी सुरू होताना चिपवरचा भार इतक्या झपाट्याने बदलतो की मोजमाप होऊन लगाम बसेपर्यंत कार्डाने मर्यादेच्या कितीतरी अधिक करंट ओढून घेतलेला असतो. २०२० साली आलेल्या एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांनी हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर चव्हाट्यावर आणला. कार्डे ३२० आणि ३५० वॉटची, एसएमपीएस नावाजलेले आणि हिशेबाने पुरेसे, तरीही खेळ ऐन रंगात असताना संगणक एकदम बंद पडत असे. एसएमपीएस बिघडलेला नसे. त्या क्षणिक उसळीला त्याची संरक्षण यंत्रणा शॉर्ट सर्किट किंवा अतिभार समजत होती आणि नियमाप्रमाणे वीज तोडत होती.

त्यावर उपाय म्हणून इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएससाठीचे नवे मानक जाहीर केले. ४५० वॉटपेक्षा मोठ्या आणि नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरसह येणाऱ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद, १८० टक्के भार १ मिलिसेकंद, १६० टक्के भार १० मिलिसेकंद आणि १२० टक्के भार १०० मिलिसेकंद न डगमगता पेलला पाहिजे, अशी अट त्यात आहे. दुसऱ्या बाजूला या नव्या कनेक्टरच्या कार्डांना १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या नेमलेल्या मर्यादेच्या तिपटीपर्यंत उसळी घेण्याची मुभा पीसीआय एक्स्प्रेस (पीसीआयई) या कार्ड मदरबोर्डला जोडण्याच्या मानकाच्या नियमांनी दिलेली आहे. दोन्ही बाजूंचे नियम असे एकमेकांत बसवलेले असल्यामुळे नवा एसएमपीएस घेताना त्यावर एटीएक्स ३.० किंवा २०२३ मध्ये आलेले एटीएक्स ३.१ लिहिलेले आहे का, हे मी वॉटच्याही आधी पाहायला सांगेन. खोक्यावर केवळ ‘पीसीआयई ५ रेडी’ असे मोघम शब्द असतील तर त्यावर विसंबू नये. काही वेळा जुन्याच रचनेच्या एसएमपीएसला नवी केबल जोडून असे शब्द छापलेले असतात, आणि नवी केबल दिल्याने आतील संरक्षण यंत्रणा नवी होत नाही.

हिशेब

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आरटीएक्स ५०७० टीआय हे ३०० वॉटचे कार्ड आहे आणि त्याच्या जोडीला रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर आहे. या प्रोसेसरच्या नावापुढे १२० वॉट लिहिलेले असले तरी मदरबोर्ड त्याला १६२ वॉटपर्यंत वीज घेऊ देतो, म्हणून हिशेबात तोच आकडा धरावा. मदरबोर्ड, रॅम, दोन एसएसडी, पंखे आणि पाण्याच्या कूलरचा पंप मिळून आणखी ७५ वॉट धरले तर बेरीज ५३७ वॉट होते. खेळताना प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी आपापल्या टोकाला जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष भार याहून कमीच राहील. तरीही हा आकडा एसएमपीएसच्या क्षमतेच्या ७०-७५ टक्क्यांच्या आत बसावा, असे धोरण ठेवावे. ५३७ हे ७५०च्या सुमारे ७२ टक्के होतात, आणि एनव्हिडियाचीही या कार्डासाठी शिफारस ७५० वॉटचीच आहे.

आता हाच हिशेब वाईट क्षणासाठी करून पाहू. कार्डाने तिप्पट, म्हणजे ९०० वॉटची उसळी घेतली आणि नेमके त्याच क्षणी बाकी सर्व भागही पूर्ण भारावर असले, तर बेरीज ११३७ वॉट होते. एटीएक्स ३ मानकाचा ७५० वॉटचा एसएमपीएस तेवढ्या क्षणापुरते १५०० वॉट द्यायला बांधील आहे, म्हणजे येथे चांगली जागा शिल्लक राहते. जुन्या मानकाच्या ७५० वॉटच्या एसएमपीएसची अतिभार मर्यादा १२०-१३० टक्क्यांवर बांधलेली असेल आणि त्याची यंत्रणा फार चपळ असेल तर तो याच क्षणी बंद पडू शकतो. दोन्ही खोक्यांवर ७५० हाच आकडा छापलेला असतो.

प्रोसेसर बदलला की उत्तर बदलते. त्याच कार्डाबरोबर कोअर आय९ १४९००के असेल तर तो एकटाच २५३ वॉट घेऊ शकतो, बेरीज ६२८ वर जाते आणि ८५० वॉटचा एसएमपीएस घेणे शहाणपणाचे ठरते. इतर कार्डांपैकी आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटचे, ५०७० हे २५० वॉटचे आणि ५०८० हे ३६० वॉटचे असून त्यांच्यासाठी एनव्हिडिया अनुक्रमे ६००, ६५० आणि ८५० वॉट सुचवते. एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॉटचे आहे. त्यालाही ७५० पुरेसा. ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९० साठी १००० वॉट ही कंपनीची शिफारस असली तरी मोठ्या प्रोसेसरबरोबर मी १२०० च्या खाली उतरणार नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या कारखान्यातूनच वेग वाढवून जी महाग मॉडेले विकतात त्यांची मर्यादा मूळ आकड्यापेक्षा जास्त असते, हेही हिशेबात धरावे.

याच्या उलट चूकही लोक करतात. १४५ वॉटच्या आरटीएक्स ५०६० साठी ‘पुढे लागेल’ म्हणून कोणीतरी १००० वॉटचा स्वस्तातला एसएमपीएस घेतो. त्याच पैशांत मिळणारा ६५० वॉटचा उत्तम एसएमपीएस कार्डाला अधिक स्थिर वीज देतो, बहुधा जास्त वर्षांची वॉरंटी देतो आणि पुढचे मध्यम कार्डही सहज पेलतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा एसएमपीएसच्या अंगावरचे लेबल अधिक खरे बोलते. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजचे कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळजवळ सारी वीज याच रेषेवरून घेतात. ६२.५ अँपिअर गुणिले १२ म्हणजे ७५० वॉट, तेव्हा चांगल्या ७५० वॉटच्या एसएमपीएसवर ६२ अँपिअरच्या आसपास आकडा दिसायला हवा. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एखाद्या ‘४५० वॉटच्या’ एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलेले असले, तर त्याची खरी उपयोगाची ताकद २१६ वॉटच आहे. असा एसएमपीएस कोणत्याही वेगळ्या ग्राफिक्स कार्डासाठी वापरू नये.

कनेक्टर आणि केबल

कार्डाला वीज तीन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत, जुन्या सहा पिनांच्या कनेक्टरमधून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॉट. २०२२ पासून यात सोळा पिनांच्या कनेक्टरची भर पडली, जो एकटाच ६०० वॉट वाहून नेऊ शकतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीला १२व्हीएचपीडब्ल्यूआर म्हणतात आणि सुधारित आवृत्तीला १२व्ही-२×६. या कनेक्टरमागचे गणित समजून घेणे गरजेचे आहे, कारण जळालेल्या कनेक्टरांची जी छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत त्यांचे कारण याच गणितात आहे.

जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन तारा असतात. १५० वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर, म्हणजे प्रत्येक तारेवर सव्वाचार अँपिअरांहून थोडा कमी करंट. तिथल्या पिना सुमारे दुप्पट करंट पेलू शकतात, म्हणून एखादी पिन थोडी सैल असली तरी वर्षानुवर्षे काही बिघडत नसे. नव्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या सहा पिना आहेत. ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, प्रत्येक पिनेवर ८.३ अँपिअर, आणि प्रत्येक पिनेची नेमलेली मर्यादा सुमारे साडेनऊ अँपिअर. उरलेली जागा फारच थोडी आहे. सहापैकी दोन पिनांचा संपर्क नीट बसला नाही तर उरलेल्या चार पिनांवर साडेबारा अँपिअर येतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्या पिनांवरची उष्णता सव्वादोन पट होते. आरटीएक्स ४०९० आणि ५०९० च्या मूळ रचनेत कार्डावर पोहोचल्यावर सहाही तारा एकत्र जोडल्या जातात, त्यामुळे कोणत्या पिनेवर किती भार पडतो आहे हे कार्डाला कळत नाही. आसूसच्या अ‍ॅस्ट्रल मालिकेसारख्या काही कार्डांत प्रत्येक पिनेचा करंट मोजून इशारा देण्याची सोय आहे. ५०९० घेणाऱ्याने ती असलेले कार्ड निवडले तर ते पैसे मी वाया गेले असे म्हणणार नाही.

हेच गणित मध्यम कार्डांना लावले की भीती बरीच कमी होते. ३०० वॉटच्या ५०७० टीआयमध्ये सारी वीज केबलमधूनच आली असे धरले तरी २५ अँपिअर सहा पिनांत वाटले जातात, म्हणजे पिनेमागे सव्वाचार अँपिअरांच्या आसपास, अगदी जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरइतकेच. त्यामुळे सोळा पिनांचा कनेक्टर आहे एवढ्यावरून कार्ड नाकारण्याचे कारण नाही. काळजी कार्डाच्या वॉटच्या प्रमाणात वाढवावी.

एटीएक्स ३.१ बरोबर आलेल्या १२व्ही-२×६ मध्ये वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब आणि संवेदनाच्या चार लहान पिना आखूड केल्या आहेत. या लहान पिनांवरूनच कार्डाला कळते की ही केबल १५०, ३००, ४५० की ६०० वॉटची आहे. त्या आखूड झाल्यामुळे प्लग अर्धवट बसला असेल तर त्या टेकतच नाहीत आणि कार्ड भार घेत नाही. हा बदल कार्डाच्या आणि एसएमपीएसच्या अंगावरील कनेक्टरमध्ये आहे; नवी खाच ‘एच++’ या खुणेने ओळखता येते. जुनी केबल नव्या खाचेत चालते, म्हणून एटीएक्स ३.० चा चांगला एसएमपीएस सवलतीत मिळत असेल तर केवळ ३.१ नाही म्हणून तो सोडू नये.

एसएमपीएसबरोबर थेट सोळा पिनांची केबल येत असेल तर तीच वापरावी. कार्डाच्या खोक्यातला जोड, म्हणजे दोन, तीन किंवा चार आठ-पिनी केबलींना एका सोळा पिनांच्या तोंडात आणणारा अ‍ॅडॉप्टर, नियमाने ठीक आहे. पण त्यामुळे वाटेत जास्तीचे सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा सैल राहण्याची एक शक्यता घेऊन येतो. तो वापरायचाच असेल तर प्रत्येक तोंडाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्यावी. एकाच केबलला पुढे दोन आठ-पिनी तोंडे फुटलेली असतात ती दोन्ही एकाच मोठ्या कार्डाला लावू नयेत, कारण त्या वेळी दोन्ही तोंडांचा भार एसएमपीएसकडच्या एकाच सांध्यावर पडतो. २२५ वॉटच्या वरच्या आठ-पिनी कार्डांनाही हा नियम पाळावा.

आणि एक गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे : एका एसएमपीएसची मॉड्युलर, म्हणजे सुटी काढता येणारी, केबल दुसऱ्याला लावू नये. कार्डाकडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर कोणता व्होल्ट असावा याचे कोणतेही मानक नाही. तोंड बरोबर बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेल्याने एसएसडी किंवा हार्ड डिस्क एका क्षणात जाते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो. नवा एसएमपीएस बसवताना जुन्याच्या साऱ्या केबली काढून ठेवाव्यात, अगदी त्या ओवण्यात तास गेला असला तरी.

कार्यक्षमतेचा बिल्ला किती खरा

२००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस योजनेतील ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम हे बिल्ले भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज प्रत्यक्ष भागांपर्यंत पोहोचते एवढेच सांगतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टसाठी असलेल्या निकषांत निम्म्या भारावर ब्राँझ ८८ टक्के आणि गोल्ड ९२ टक्के कार्यक्षम असावा लागतो. ४०० वॉटच्या भारावर हा फरक भिंतीपाशी सुमारे २० वॉटचा होतो. रोज चार तास खेळणाऱ्याचे त्यातून वर्षाला २९-३० युनिट वाचतील. दहा रुपये युनिट धरले तरी तीनशे रुपयांच्या आतच. तेव्हा वीजबिलासाठी गोल्ड घ्या, हा सल्ला फारसा खरा नाही. गोल्ड घ्यावा तो कमी तापतो म्हणून, त्याचा पंखा शांत राहतो म्हणून, आणि सर्वसाधारणपणे कंपन्या त्या किमतीत आतली रचनाही बरी देतात म्हणून.

पण ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही. २०२०-२१ मध्ये कार्डांचा तुटवडा असताना काही दुकाने कार्डांबरोबर गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे एसएमपीएस जोडीने विकत होती. दोन्हींवर गोल्डचा बिल्ला होता. अतिभाराच्या चाचण्यांत ते स्फोटासारखा आवाज होऊन जळत असल्याचे समोर आले, आणि कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन देऊन त्यांची अतिभार संरक्षणाची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचे सांगितले. कार्यक्षमता मोजणाऱ्या चाचणीत अतिभार, शॉर्ट सर्किट किंवा अतितापमान यांवेळी एसएमपीएस कसा वागतो हे तपासलेच जात नाही. सायबेनेटिक्स या संस्थेची मानांकने याबाबत अधिक उपयोगी आहेत, कारण तिचे सविस्तर अहवाल मॉडेलनिहाय पाहता येतात आणि आवाजासाठी तिची लॅम्डा ही वेगळी श्रेणी आहे. मॉडेलचे पूर्ण नाव टाकून असा अहवाल किंवा एखाद्या जाणकाराने उपकरणे लावून केलेली चाचणी सापडत नसेल, तर ते मॉडेल बाजूला ठेवावे. पंख्याचे रंगीत दिवे दाखवून संपणारी परीक्षणे या कामाची नाहीत.

आतील भागांपैकी दोन गोष्टी सामान्य ग्राहकालाही तपासता येतात. मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, १०५ अंश तापमान सोसणारे आहेत की ८५ अंश, आणि कंपनीने पूर्ण वॉटची हमी किती तापमानाला दिली आहे. ५० अंशांना पूर्ण वॉट देणारा एसएमपीएस आणि २५ अंशांना देणारा एसएमपीएस यांची तुलनाच होत नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते आणि कॅबिनेटमध्ये कार्डाने सोडलेली गरम हवा त्यात भर घालते. कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी म्हणूनच तापमानाच्या या हमीसाठी थोडे अधिक पैसे मोजावेत आणि एसएमपीएसचा पंखा कॅबिनेटच्या तळाकडे, जाळीतून बाहेरची हवा घेईल असा बसवावा.

भिंतीकडची बाजू

परदेशी मार्गदर्शनात ज्याचा उल्लेखही नसतो, पण आपल्याकडे ज्याच्यावाचून निवड पूर्ण होत नाही, अशी बाब म्हणजे घरात येणारी वीज. काही स्वस्त एसएमपीएस फक्त २०० ते २४० व्होल्टवर चालणारे असतात. शहरात ते चालून जाते. पण ज्या गावात संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १८०च्या खाली उतरते, तिथे असा एसएमपीएस खेळाच्या मध्येच हात टेकतो. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेला पूर्ण पल्ल्याचा एसएमपीएस तेच व्होल्टेज निमूट पचवतो आणि त्याला वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज लागत नाही. या दोन प्रकारांतला किमतीचा फरक ग्रामीण भागात नक्की द्यावा.

वीज क्षणभर गेली तर एसएमपीएसचा मुख्य कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीसारखा काही काळ साठ्यातून पुरवठा करतो. एटीएक्स ३.१ नुसार पूर्ण भारावर हा काळ किमान १२ मिलिसेकंद असला पाहिजे. यूपीएस किंवा घरच्या इन्व्हर्टरने वीज हाती घेण्यास लावलेला वेळ याहून कमी असेल तरच संगणक चालू राहील. म्हणून इन्व्हर्टरवर मागे बटण असल्यास ते ‘यूपीएस’ स्थितीत ठेवावे. दुसऱ्या स्थितीत वीज बदलायला एवढा वेळ लागू शकतो की दिवे फक्त लुकलुकतात पण संगणक बंद पडतो. शिवाय यूपीएसचा आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअरमध्ये) असतो, वॉटमध्ये नव्हे. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, आणि वरच्या उदाहरणातला संगणक खेळताना ४५०-५०० वॉट घेत असेल तर वीज गेल्याबरोबर तो यूपीएसच आधी मान टाकेल. अशा संगणकाला किमान ६०० वॉटचा, म्हणजे १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस लागतो. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून करंट व्होल्टेजच्या लयीत ओढणारी यंत्रणा, असते. तिला चौकोनी लहर देणारे स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर कधीकधी मानवत नाहीत, म्हणून शुद्ध साइन लहरीचा यूपीएस घेणे उत्तम.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा ते तुटलेले आहे. एसएमपीएसच्या आत विजेतील गोंगाट गाळणारे जे कपॅसिटर असतात ते अर्थच्या तारेला जोडलेले असतात. ती तार कुठेच जात नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मे व्होल्टेज चढून बसते. करंट अगदी थोडा असतो, पण ही स्थिती तशीच सोडून महाग कार्ड बसवणे योग्य नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, तिसरी पिन तोडलेली एक्स्टेन्शन वापरू नये. विजेच्या सॉकेटची मात्र काळजी नको : १००० वॉटचा भारही २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे सुस्थितीतला ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो.

जुना ठेवावा का

पाच-सहा वर्षांपूर्वीचा गोल्ड दर्जाचा, नावाजलेल्या मालिकेतला, वॉरंटी शिल्लक असलेला ७५० वॉटचा एसएमपीएस घरात असेल तर ३०० वॉटपर्यंतच्या कार्डासाठी तो आधी लावून पाहावा. सीझनिक, कॉर्सेअर यांसारख्या कंपन्यांच्या वरच्या मालिकांना दहा वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा सहाव्या वर्षी तो म्हातारा झाला असे समजण्याचे कारण नाही. खेळताना संगणक एकदम काळोख करून बंद पडला, पंखेही थांबले आणि मागचे बटण बंद-चालू केल्याशिवाय सुरू झाला नाही, तर मात्र उसळीने संरक्षण यंत्रणा चाळवली असे समजावे. अशा वेळी कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणून पाहावे. वेगात फरक थोडाच पडतो. तेवढ्याने थांबले तर तात्पुरते काम भागते आणि निदानही पक्के होते. ३६० वॉटच्या पुढच्या कार्डांसाठी मी जुन्यावर भिस्त ठेवणार नाही.

वापरलेला एसएमपीएस अनोळखी माणसाकडून घेऊ नये. कार्ड वापरलेले घेता येते, कारण ते तासभर चालवून पारखता येते; एसएमपीएसच्या आत कपॅसिटर किती झिजले आहेत हे तासाभरात कळत नाही.

खरेदी आणि बसवणी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या दुकानात जाताना मॉडेलचे पूर्ण नाव लिहून न्यावे. एकाच मालिकेत ब्राँझ आणि गोल्ड, मॉड्युलर आणि बिगर-मॉड्युलर, जुनी आणि नवी आवृत्ती अशी सख्खी भावंडे असतात, आणि ‘तेच आहे, फक्त स्टॉक जुना’ असे म्हणून एटीएक्स ३ च्या आधीची आवृत्ती हातात पडू शकते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर सिरीयल क्रमांक लिहून घ्यावा; दहा वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय मिळवणे अवघड जाते आणि भारतात दुरुस्ती-बदली कोणती वितरक कंपनी करते हेही तिथेच विचारून ठेवावे. लहान कॅबिनेट असेल तर मापे आधी तपासावीत : साधा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ उंच असतो, पण त्याची लांबी १४० पासून १८० च्या पुढेही जाते, आणि लहान कॅबिनेटसाठीचा एसएफएक्स प्रकार १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटरचा असतो.

बसवताना सोळा पिनांचा प्लग सरळ रेषेत दाबावा, कार्ड आणि प्लग यांच्यामध्ये फट दिसत नाही हे टॉर्चच्या प्रकाशात सर्व बाजूंनी पाहावे आणि केबल हलकेच ओढून खिट्टी अडकल्याची खात्री करावी. प्लगपासून निदान ३५ मिलिमीटरपर्यंत केबल वाकवू नये. कॅबिनेटची काच बंद होताना केबलवर दाब येत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, आणि काच काढून ठेवणे हे केबल मुडपण्यापेक्षा बरे. प्रोसेसरची चार-अधिक-चार पिनांची केबल आणि कार्डाची सहा-अधिक-दोन पिनांची केबल दिसायला जवळजवळ सारख्या असतात पण त्यांची वायरिंग उलटी असते, म्हणून बसत नसेल तिथे जोर लावू नये.

सारे जोडून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून एखादा जड खेळ तासभर चालवावा. आरटीएक्स ४० आणि ५० मालिकेच्या कार्डांत सोळा पिनांच्या कनेक्टरवरचे व्होल्टेज त्यात वेगळे दिसते. रिकाम्या वेळी ते १२ च्या आसपास असावे आणि पूर्ण भारावर थोडेसेच खाली यावे. एटीएक्स ३ च्या आधीच्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टमध्ये पाच टक्के कमी-अधिक चालते, म्हणजे ११.४ ही खालची सीमा; पण सुस्थितीतला एसएमपीएस तिच्या जवळही जात नाही. आकडा ११.५ कडे घसरू लागला तर संगणक बंद करून, मागचे बटण बंद करून, केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी आणि पुन्हा मोजावे. तासाभरानंतर प्लगजवळच्या तारांना बोट लावून पाहावे : कोमट लागल्या तर ठीक, बोट ठेववत नसेल किंवा सहांपैकी एखादीच तार इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल, तर ती केबल पुन्हा वापरू नये आणि वॉरंटीत बदलून घ्यावी. पहिल्या महिन्यानंतर एकदा वीज बंद करून प्लग तपासावा, आणि त्यानंतर तो विनाकारण काढ-घाल करू नये, कारण या कनेक्टरचे आयुष्य साधारण तीस वेळा लावण्या-काढण्याइतकेच मोजलेले आहे.